शेगडीचं माहेर इस्पितळात

शिडाच्या छोट्या होडीत, केबिनच्या भिंतीला खेटून, लाकडावर जळणारी फूटभर उंचीची लोखंडी शेगडी कशासाठी ठेवतात, हा प्रश्नच अनेकांना खुळचट वाटेल. थंडीसाठी, आणखी कशासाठी? स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, नॉर्वेच्या खाड्यांत किंवा ब्रिटिश कोलंबियाच्या बेटांआड ऑक्टोबर-नोव्हेंबरात नांगर टाकून राहायचं तर आगीवाचून निभाव लागायचा नाही. उत्तर खरं आहे, पण अर्धंच. आणि या अर्ध्या उत्तरापायी शेगडीची वंशावळ मांडणारे दोनच दारांवर थाप मारतात: एक जहाजाच्या भटारखान्याचं, दुसरं घरातल्या चुलीचं. दोन्ही घरांत तिचे नातेवाईक भेटतात, हे मान्य. तिचं माहेर मात्र तिसरीकडेच आहे, इंग्लंडमधल्या डर्बी शहरातल्या एका इस्पितळात. गंमत अशी, की ब्रिटनमधलं समुद्रापासून सर्वांत लांबचं ठिकाण ज्या परगण्यात येतं, तो हाच डर्बीशायर. खलाशाच्या केबिनमधल्या आगीचं मूळ अशा गावात सापडावं, हे पटवून द्यायला पुरावा लागेल आणि वाचकाचा थोडा धीरही.

आधी ही शेगडी नेमकं काय करते ते पाहू. आठ-नऊ मीटर लांबीच्या होडीच्या केबिनमध्ये साधारण १० ते १२ घनमीटर हवा मावते. तिथे झोपलेली दोन माणसं श्वासातून आणि कातडीतून मिळून तासाला १०० ग्रॅमच्या आसपास पाणी हवेत सोडतात. बाहेर ५ अंश सेल्सिअस असेल तर होडीची बाजूही जवळजवळ तितकीच गार असते. ते पाणी तिच्यावर जमतं, थेंब होऊन ओघळतं, गाद्यांखाली मुरतं, आणि आठवडाभरात नकाशांच्या कडांना बुरशी लागते. अशा केबिनमध्ये धुरांडं नसलेली रॉकेलची शेगडी पेटवली तर तासाला पाव लिटर रॉकेलात ती अडीच किलोवॉटभर ऊब देईल, पण जवळजवळ तितकंच, पाव लिटर, पाणीही वाफेच्या रूपाने केबिनमध्ये सोडेल, कारण रॉकेलमधल्या हायड्रोजनचं जळून पाणीच होतं. म्हणजे दोन माणसांच्या जागेत आणखी पाच जण आणून निजवल्यासारखं. लाकडाच्या शेगडीचा हिशेब उलटा चालतो. एक किलो सुकं लाकूड जळताना प्रत्यक्षात ८ ते १० घनमीटर हवा खातं, आणि जळण्यातून झालेली वाफ धुरांड्यातून वर निघून जाते. जितकी हवा वर गेली तितकी बाहेरून फटींतून आत येते. ५ अंशांची हवा दमटपणाने अगदी भरलेली असली तरी तिच्या एका घनमीटरात ७ ग्रॅमच पाणी असतं. तीच २० अंशांना तापली की १७ ग्रॅम पेलू शकते. मधले १० ग्रॅम ती केबिनमधून उचलते. तासाला १० घनमीटर धरले तर १०० ग्रॅम झाले, दोन झोपलेल्या माणसांचं देणं चुकतं. बाळंतिणीच्या खोलीत पावसाळ्यात शेगडीवर टोपली उपडी घालून ज्यांनी दुपटी वाळवली, त्यांना आगीचं हे दुसरं काम समजावून सांगावं लागणार नाही.

केबिनमधल्या शेगडीचं मुख्य काम ओल हाकलण्याचं आहे, ऊब हा तिचा जोडधंदा, हे एकदा धरलं की कुळाचा शोध वेगळ्या वाटेने जातो. भटारखान्याचा दावा मग लगेच लंगडा पडतो. हा दावा सगळ्यांच्या परिचयाचा, म्हणून थोडक्यात सांगतो. १५४५ मध्ये बुडालेल्या 'मेरी रोझ'च्या तळात विटांच्या चुली होत्या आणि त्यांवर मोठाल्या कढया. जळणाचे ओंडकेही सापडले. १६२८ च्या स्वीडिश 'वासा'वरही तळातच विटांची चूल, तिच्यावर १८० लिटरची कढई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अलेक्झांडर ब्रॉडी या स्कॉटिश लोहाराने बनवलेली लोखंडी चूल ब्रिटिश आरमारात रुळली आणि विटा गेल्या. इथून पुढे ती चूल लहान होत होत केबिनमध्ये आली, असं सांगितलं जातं. पण भटारखान्याची आग ही स्वयंपाक्याच्या ताब्यातली आणि पहाऱ्यातली आग होती. ती जहाजाच्या पुढच्या भागात असे, अधिकाऱ्यांच्या केबिनी मागच्या टोकाला. लढाईआधी ती विझवत, वादळातही विझवत. म्हणजे माणसं सर्वांत जास्त भिजलेली आणि गारठलेली असत, नेमकी तेव्हाच ती नसे. जी आग ऐन ओलीत विझवायची, तिच्या पोटी ओल हाकलणारी शेगडी जन्माला आली असं म्हणायला मला जड जातं.

जहाजावरच्या आगीला स्वयंपाकाखेरीज दुसरं काम प्रथम लावलं ते लंडनमध्ये कॉफीहाऊस चालवणाऱ्या एका माणसाने. सॅम्युएल सटन त्याचं नाव. हा ना खलाशी, ना जहाजबांधणीतला. आग पेटती ठेवायची तर तिला हवा लागते, आणि ती हवा आपण म्हणू तिथूनच तिला घ्यायला लावता येते, एवढी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. १७३९ च्या सुमारास त्याने आरमाराला सुचवलं की भटारखान्यातल्या चुलीचा राखेचा कप्पा घट्ट बंद करा, त्यात नळ्या बसवा आणि त्या नळ्यांची दुसरी टोकं जहाजाच्या तळात, झिरपलेलं पाणी साचतं त्या विहिरीत, खलाशी झोपतात त्या मजल्यात सोडा. चुलीला हवा हवी असेल तर ती आता तिथूनच ओढावी लागेल. खालची कुजकी हवा आगीत जाईल, तिच्या जागी वरची ताजी हवा आपोआप खाली उतरेल. जळण एका काटकीनेही वाढणार नाही, माणूसबळ लागणार नाही. राजवैद्य रिचर्ड मीड यांनी ही युक्ती १७४२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडली, १७४४ मध्ये सटनला पेटंट मिळालं, १७४५ मध्ये त्याने स्वतःच्या खटपटींची हकीगत छापली. त्या पुस्तकाचा बराच भाग आरमाराच्या कचेऱ्यांत मारलेल्या खेट्यांनी भरला आहे. जहाजबांधणीचे मुख्य निरीक्षक सर जेकब ॲकवर्थ यांना या माणसाची ब्याद दारातही नको होती.

सटनच्या समोर उभे होते स्टीफन हेल्स. वनस्पतींतल्या रसाच्या दाबापासून रक्ताच्या दाबापर्यंत सगळं मोजून ठेवणारे पाद्री, रॉयल सोसायटीचे मान्यवर सभासद. त्यांनी हवा खेळवण्यासाठी भाते सुचवले, मोठ्या लाकडी पेट्यांतले, हाताने हलवायचे किंवा पवनचक्कीला जोडायचे. हेल्स यांचं म्हणणं होतं की आगीच्या भरवशावर हवा सोडणं धोक्याचं. सटनचं म्हणणं होतं की भाता हलवायला माणूस लागतो आणि माणूस थकतो. आरमाराने १७५६ मध्ये कौल दिला तो हेल्स यांच्या भात्यांना. सटन हरला, आणि वंशावळी जिंकणाऱ्यांच्या लिहिल्या जात असल्याने त्याचं नाव शेगडीच्या इतिहासात सहसा येत नाही. भटारखान्याचे कैवारी इथे म्हणतील की सटनची आगही शेवटी भटारखान्याचीच होती. होती, पण त्याने ती उसनी घेतली होती. पेज शिजवणारी आग आणि हवा ओढणारी आग एकाच कढईखाली असली तरी दोन वेगळ्या कल्पना आहेत, आणि केबिनमध्ये पोचली ती दुसरी.

सटन काय आणि हेल्स काय, दोघांच्या डोक्यातला रोगाचा सिद्धान्त चुकीचा होता, हेही सांगून टाकायला हवं. कुजक्या हवेतून ताप येतो, असं त्या काळचं वैद्यक मानत असे. जहाजांवरचा ताप बहुतेकदा उवांतून पसरणारा टायफस होता आणि दात पाडणारी स्कर्व्ही आहारातून येत होती. तरीही या चुकीच्या समजुतीने आगीला नवं काम मिळालं, आणि ते काम तिने चोख केलं. जेम्स कुक हा त्याचा साक्षीदार. १७७२ ते १७७५ या सफरीत 'रेझोल्यूशन'वर त्याने दमट दिवसांत मजल्यांमध्ये आगी फिरवल्या, आणि लोखंडी भांड्यात विस्तव करून तो जहाजाच्या विहिरीत, अगदी तळाशी, ठेवायला लावला. तीन वर्षांत रोगाने फक्त एक माणूस दगावला. रॉयल सोसायटीने १७७६ मध्ये त्याला कोपली पदक दिलं ते बेटं शोधल्याबद्दल नाही, खलाशांची तब्येत राखल्याबद्दल. यात आंबवलेल्या कोबीचा वाटा किती, ताज्या भाजीचा किती आणि विस्तवाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. माझ्या लाडक्या सिद्धान्तासाठीसुद्धा मी ते ओढूनताणून काढणार नाही. पण एक गोष्ट त्यातून पक्की होते. स्वयंपाकाशी काडीचा संबंध नसलेली, उचलून नेता येणारी, ओलीच्या जागी नेऊन ठेवायची आग १७७० च्या दशकात जहाजावर होती. कुकची जहाजं प्रत्येक मुक्कामी पाण्याबरोबर लाकूडही भरून घेत. या लेखातली शेगडी लाकडाची आहे, म्हणून ही नोंद.

आता डर्बी. विल्यम स्ट्रट हा सूतगिरणीवाल्या घराण्यातला. वडील जेडेडाया स्ट्रट हे रिचर्ड आर्कराइटचे एके काळचे भागीदार. विल्यमला दोन गोष्टींचा ध्यास होता: गिरणीला आग लागू नये आणि गिरणी गार पडू नये. पहिल्यापायी त्याने लोखंडी खांब आणि विटांच्या कमानी वापरून आग न धरणाऱ्या इमारती उभारल्या. १८०४ मध्ये बांधून झालेली बेलपरची नॉर्थ मिल आजही उभी आहे. दुसऱ्यापायी त्याने एक भट्टी बनवली. लोखंडाचा घुमट, त्याच्या आत विस्तव, घुमटाभोवती विटांचा कोट, आणि कोटातून घुमटाच्या अंगावर हवा सोडणाऱ्या पुष्कळ बारीक वाटा. बाहेरून आलेली गार हवा तापलेल्या लोखंडावर आदळायची, ऊन होऊन वर चढायची आणि मजल्यामजल्यांवर पोचायची. धूर वेगळ्या वाटेने बाहेर. माणसांना मिळे ती स्वच्छ हवा, धुराचा वासही नसलेली. १८१० मध्ये डर्बीशायरचं सार्वजनिक इस्पितळ उघडलं तेव्हा हीच व्यवस्था स्ट्रटने रोग्यांसाठी बसवली, आणि तिला एक जोड दिली. हवा जमिनीखालच्या बोगद्यातून आणायची. बोगद्याच्या तोंडावर वाऱ्याकडे आपोआप वळणारी टोपी, आणि छपरावर, वापरलेली हवा बाहेर पडते तिथे, वाऱ्याकडे पाठ फिरवणारी टोपी. एक वारा गिळते, दुसरी हवा चोखून घेते.

ही दोन टोप्यांची जोडी पाहिली की मला राहवत नाही. कारण वाऱ्याकडे तोंड करून हवा खालच्या मजल्यांवर नेणारी कापडी नळकांडी, ज्यांना वातशिडं म्हणता येईल, ती जहाजांवर स्ट्रटच्या कितीतरी आधीपासून टांगत. डर्बीत तेव्हा नवं ते सगळं चघळणारं एक मंडळ होतं, डर्बी फिलॉसॉफिकल सोसायटी. १७८३ मध्ये एरॅस्मस डार्विन यांनी ते सुरू केलं आणि त्यांच्यामागे अध्यक्षपदी आला तो हाच विल्यम स्ट्रट. या मंडळात जहाजांच्या हवेची, हेल्सच्या भात्यांची, कुकच्या पदकाची चर्चा झाली नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. म्हणून माझा अंदाज असा, की इस्पितळाने ही टोपी समुद्राकडूनच उचलली. कागदावरचा पुरावा मी दाखवू शकत नाही. कोणी म्हणेल की वाऱ्यावर फिरणारी टोपी ही धुरांडी बांधणाऱ्या कुठल्याही गवंड्याला सुचेल. धुरांड्यावरची, धूर बाहेर सोडणारी टोपी सुचेल. वारा आत घेणारी टोपी सुचायला मात्र आधी ताज्या हवेची चणचण भासावी लागते, आणि ती तेव्हा जहाजाच्या खालच्या मजल्यावर जितकी होती तितकी डर्बीच्या कुठल्या घरात नव्हती. अंदाज टिकला नाही तरी मुख्य दुवा तुटत नाही, कारण परतीचा प्रवास कागदोपत्री आहे.

तो प्रवास घडवला चार्ल्स सिल्व्हेस्टरने. शेफील्डहून डर्बीत आलेला, विजेच्या आणि जस्ताच्या प्रयोगांत रमलेला हा माणूस स्ट्रटच्या व्यवस्थेच्या इतका प्रेमात पडला की १८१९ मध्ये त्याने तिच्यावर आकृत्यांसह एक पुस्तकच काढलं. पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकात इस्पितळातली कामं ओळीने दिली आहेत: ऊब देणं, हवा खेळवणं, धुणं, वाळवणं, शिजवणं. शिजवणं शेवटी, वाळवणं त्याच्या आधी. त्याच वर्षी विल्यम एडवर्ड पॅरी 'हेक्ला' आणि 'ग्रायपर' ही जहाजं घेऊन वायव्येची वाट शोधायला निघाला आणि कॅनडाच्या उत्तरेला मेलव्हिल बेटापाशी बर्फात अडकून त्याने १८१९-२० चा हिवाळा काढला. जहाजात चुली होत्या, कोळसा होता. थंडी हा प्रश्न कठीण असला तरी हाताबाहेरचा नव्हता. हाताबाहेर गेली ती ओल. माणसांचा श्वास, कढयांची वाफ, भाकरी भाजताना निघणारी वाफ, सगळं तुळयांवर आणि झोपायच्या फळ्यांवर जमून गोठायचं. लोक ते बर्फ खरवडून काढत आणि ते पुन्हा धरत असे. जानेवारी १८२० मध्ये 'हेक्ला'वरच्या गनरला स्कर्व्हीची लक्षणं दिसली, तेव्हा पॅरीने त्याचा दोष दिला तो गनरच्या ओलसर बिछान्याला.

त्या गनरवर पॅरीने केलेला उपाय या कुळकथेतला माझा सर्वांत आवडता प्रसंग आहे. त्याने आपल्या केबिनमधल्या शेगडीच्या धुराच्या नळीलगत मातीने भरलेल्या उथळ पेट्या ठेवल्या आणि त्यांत मोहरी आणि अळीव पेरलं. हो, बाळंतिणीच्या लाडवातलं तेच अळीव. इंग्रज ते अंकुर काढून मोहरीच्या कोंबांबरोबर कच्चं खातात. सूर्य महिनोन्महिने उगवत नव्हता, त्यामुळे कोंब हिरवे न होता पांढुरके, फिकट आले; चवीत मात्र फरक नव्हता. गनरला ते लिंबाच्या रसाबरोबर रोज देत गेले आणि थोड्याच दिवसांत तो हिंडूफिरू लागला. आज आपण म्हणू, क जीवनसत्त्वाने काम केलं. पॅरीच्या दृष्टीने शेगडीनेच एका हाताने ओल हटवली आणि दुसऱ्या हाताने औषध उगवलं. केबिनमधली शेगडी ही औषधाच्या पेटीशेजारची वस्तू आहे, हे इतक्या उघडपणे सांगणारा दुसरा दाखला मला ठाऊक नाही.

दुसऱ्या मोहिमेसाठी, १८२१ मध्ये, 'फ्युरी' आणि 'हेक्ला' सज्ज करताना जहाजांवर चढली ती सिल्व्हेस्टरची यंत्रणा: डर्बीच्या इस्पितळातली भट्टी, जहाजाच्या पोटात मावेल अशी केलेली, आणि ऊन हवा राहण्याच्या जागांपर्यंत नेणाऱ्या नळ्या. दोन हिवाळे बर्फात काढून जहाजं १८२३ मध्ये परतली, आणि पॅरीने तिची तारीफ केली ती मुख्यतः जागा कोरडी राहिल्याबद्दल. १८२४ च्या तिसऱ्या मोहिमेतही ती होती, सुधारून बसवलेली. सूतगिरणीतून इस्पितळात आणि इस्पितळातून ध्रुवीय जहाजात, अवघ्या काही वर्षांत, नाव-गाव-तारखेसह. वस्तूंच्या वंशावळीत इतकी स्वच्छ साखळी क्वचित हाती लागते.

अमेरिकन लेखकांना हे सगळं मान्य होणार नाही, कारण त्यांच्याकडे बेंजामिन फ्रँकलिन आहे. त्याने १७४० च्या दशकाच्या सुरुवातीला लोखंडी शेगडी बनवली, १७४४ मध्ये तिच्यावर पुस्तिका लिहिली, पेटंट घ्यायला नकार दिला. लोखंडी पेटीत लाकूड जाळून ऊब साठवायची कल्पना घरोघरी नेण्याचं श्रेय त्याला जातं, ते कोणी काढून घेऊ नये. पण फ्रँकलिनचा समुद्राशी संबंध जोडायचा असेल तर शेगडीपेक्षा मोठा दाखला त्याच्याच चरित्रात आहे. १७८५ च्या उन्हाळ्यात तो युरोपातून कायमचा घरी निघाला आणि त्या एका सफरीत, जहाजावर बसून, त्याने दोन लांबलचक पत्रं लिहिली. एक धुरकट धुरांड्यांविषयी, यान इंगेनहाउझ यांना. दुसरं समुद्रप्रवासाविषयी, ज्यात गल्फ स्ट्रीमपासून ते जहाज डोललं तरी सूप सांडू नये म्हणून बशी कशी असावी इथपर्यंत सगळं आहे. धुरांड्यांच्या पत्रात तो पहिलंच कारण देतो ते हवेच्या टंचाईचं: सुताराने खोली इतकी घट्ट बांधली की आगीला हवाच मिळत नाही, म्हणून धूर खोलीत उलटतो. हे वाक्य होडीच्या केबिनला जितकं लागू पडतं तितकं कुठल्याच घराला पडत नाही. तरीही दोन पत्रं एकाच टेबलावर लिहिणाऱ्या या माणसाने ती एकमेकांना जोडली नाहीत. घरची चूल आणि समुद्र यांच्यामधली ही फट फ्रँकलिनलाही ओलांडता आली नसेल तर तिच्यावरून वंशरेषा ओढण्यात अर्थ नाही.

खरा कस लागतो तो पुढच्या आक्षेपापाशी. पॅरीच्या जहाजाच्या पोटातली अवजड भट्टी कुठे आणि केबिनच्या भिंतीला टेकलेली फूटभर शेगडी कुठे? शेगडीचं रूप तर सरळसरळ मासेमारांकडून आलेलं दिसतं. कनेटिकटमधल्या स्टॅम्फर्डच्या ओतशाळेच्या 'शिपमेट' चुली, नोव्हा स्कॉशियात १८९१ मध्ये सुरू झालेल्या लुनेनबर्ग फाउंड्रीच्या चुली, या मासेमारी शिडाच्या जहाजांसाठी बनत. आज बाजारात मिळणाऱ्या छोट्या शेगड्यांची नावंदेखील 'सार्डिन' आणि 'लिटल कॉड' अशी, थेट कोळीवाड्यातली. बिडाचं ओतीव अंग, वरच्या पृष्ठावर भांडं सरकू नये म्हणून कठडा, तळाला बोल्टने जखडायचे पाय: हे सगळं ओतशाळेचं देणं आहे, यात शंका नाही. पण अंगलट एका घराची आणि स्वभाव दुसऱ्या घराचा, असं माणसांत होतं तसं वस्तूंतही होतं. मासेमारांची चूल डझनावारी माणसांचा स्वयंपाक करायची म्हणून जहाजावर होती. हौशी होडीवाल्याला स्वयंपाकासाठी स्पिरिट किंवा रॉकेलचा स्टोव्ह पुरत होता, आणि तो त्याच्याकडे आधीपासून होताच. अर्स्किन चिल्डर्सच्या १९०३ मधल्या 'द रिडल ऑफ द सँड्स' या कादंबरीत होडीचा मालक पाहुण्याला यादी पाठवतो, तिच्यात तीन नंबरचा रिपिंगिल स्टोव्ह मागितलेला आहे, तो रॉकेलचाच. शरद ऋतूतल्या बाल्टिकमध्ये त्या होडीचं केबिन किती ओलं असतं, हेही कादंबरी लपवत नाही. शिजवायची सोय असतानाही लोकांनी जागा अडवणारी, राख करणारी, डेकला भोक पाडायला लावणारी लाकडाची शेगडी मुद्दाम आणली, ती त्या स्टोव्हला जमत नव्हतं अशा एका कामासाठी. ते काम डर्बीचं. १८२५ पासून शतकाच्या अखेरपर्यंतचा मधला टप्पा मी अंदाजाने भरतो: ध्रुवीय मोहिमांवरून परतलेले नौदल अधिकारी आणि जहाजांवरचे डॉक्टर हेच पुढे नौकाविहाराच्या क्लबांत वडीलधारे झाले, आणि कोरड्या बिछान्याचा धडा त्यांनी तिथे रुजवला.

शेगडीचा स्वभाव बघायचा तर ती पेटवताना बघावी. धुरांडं घरात पाच-सहा मीटर उंच जातं; केबिनमध्ये ते जेमतेम दीड मीटर. आतला धूर २०० अंशांना तापलेला असला तरी एवढ्याशा उंचीत त्याला वर ढकलणारा जोर भरतो फक्त ७ पास्कल, म्हणजे पाण्याच्या एक मिलिमीटरभरही नसलेल्या थराचा दाब. उलट २० नॉट वाऱ्याचा दाब ६० पास्कल. मोठ्या शिडावरून घसरून खाली येणारा झोत धुरांड्याच्या तोंडावर बसला की ही झुंज कोण जिंकणार हे उघड आहे. म्हणून जाणकार आधी कागदाचा पेटता बोळा धुरांड्याच्या बुडाशी धरून नळीतली गार हवा हलवून घेतो, वरची झडप दोन बोटं उघडी ठेवतो, शिडं उतरलेली असतील याची खात्री करतो आणि मग बोटभर जाडीच्या ढलप्या लावतो. वरच्या टोपीला इंग्रजीत 'चार्ली नोबल' म्हणतात. १८५० च्या सुमाराचा कोणी कॅप्टन नोबल भटारखान्याचं तांब्याचं धुरांडं आरशासारखं घासून घ्यायचा, त्याच्यावरून हे नाव पडलं म्हणे. कहाणी छान आहे, म्हणूनच मला तिचा संशय येतो. टोपीचं काम मात्र स्ट्रटच्या छपरावरच्या टोपीचंच: वाऱ्याला पाठ देऊन आतलं ओढून घेणं.

उरला लाकडाचा आक्षेप. पॅरी कोळसा जाळत होता, डर्बीत कोळसाच होता, मग लाकडाची शेगडी या घराण्यातली कशी? इथे कुळापेक्षा सोय बोलते. कोळसा विकत घ्यावा लागतो आणि त्याची पोती होडीत काळं करतात. लाकूड किनाऱ्यावर मिळतं. ते कोरडं हवं, ओलावा २० टक्क्यांच्या आत, नाहीतर उबेचा काही भाग त्याच्यातलंच पाणी उकळण्यात जातो आणि धुरांड्यात डांबर चिकटतं. आणि किनाऱ्यावर वाहून आलेलं खारं लाकूड तर टाळावंच, कितीही सुकलेलं असलं तरी. त्यातल्या मिठातला क्लोरीन स्टेनलेस स्टीलची नळी आतून खातो. बाकी आगीच्या स्वभावात फरक पडत नाही: जळण कोणतंही असो, धुरांड्याची वाट असेल आणि हवा केबिनमधून घेतली जात असेल तर ती सटनचीच आग.

यातली दुसरी अट अलीकडे मोडली जाते आहे. विषारी कार्बन मोनॉक्साइडच्या भीतीने, आणि ती भीती रास्त आहे, काही नव्या शेगड्यांना जळणासाठीची हवा वेगळ्या नळीने थेट बाहेरून दिली जाते. केबिनची हवा त्या शिवतही नाहीत. त्या ऊब उत्तम देतात आणि धूर उलटू देत नाहीत. पण हवा ओढणं बंद झालं की श्वासाची वाफ जिथल्या तिथे राहते, म्हणून असे होडीवाले शेगडीनंतर बॅटरीवर चालणारा पंखा आणि डेकवरचं वातायन विकत घेतात. माझ्या हिशेबाने या शेगड्या डर्बीच्या घराण्यातून दत्तक गेल्या आहेत, आणि केबिन कोरडं ठेवण्याचं काम पुन्हा हेल्सच्या भात्याकडे गेलं आहे.